नमुना घर

गरिबी मोजायला साहेब येणार म्हणून आकारामने सकाळी सात वाजताच कोंबडा कापला. त्याच्या बायकोने, बयाबाईने वाटण घेतलं, तेही रोजच्या पाट्यावर नाही, तर वस्तीच्या टोकाच्या कोंडीबाच्या घरून आलेल्या मिक्सरमध्ये. पाठोपाठ वरच्या अंगाच्या घरांतून खुर्च्या आल्या, पितळी तांब्या आला, फुलाफुलांची चादर आली, आणि कुणीतरी पंखाही उचलून आणला. चौदा घरांच्या बोरवस्तीत हा रिवाजच आहे. पाहुणा कुणाच्याही दारात येवो, वस्तीतलं सगळं चांगलंचुंगलं त्या घरात गोळा होतं आणि पाहुणा गेला की दिवेलागणीपर्यंत ज्याचं त्याच्याकडे परत जातं. कुणाला मागावं लागत नाही आणि कुणी नाही म्हणत नाही. यात वाईट काहीच नाही. फक्त या वेळचा पाहुणा मोजायला आला होता.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कुठल्या भागातली पोरं किती गरीब आहेत, याची ती मोजणी होती. जिथे गरिबी जास्त भरेल तिथे जूनपासून शाळेची गाडी सुरू होणार होती. बोरवस्तीची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीचा वर्ग नऊ किलोमीटरवरच्या मोठ्या गावात, आणि मधला सगळा रस्ता खडीच्या डंपरांचा. आकाराम आणि बयाबाईची एकुलती एक राणी चौथीत पहिली आली होती. पण आकारामने तिला आधीच बजावलं होतं, "गाडी आली तर शाळा. न्हाईतर माझ्यासंगं मेंढरामागं. त्या डंपरातनं तुला चालत धाडायचो न्हाई मी." तेव्हापासून राणी अंगणवाडीच्या रेश्माबाईला रोज गाठायची आणि एकच विचारायची, "बाई, गाडी कवा येनार?"

रेश्मा त्याच वस्तीची सून आणि अंगणवाडी सेविका. तिने चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवून वस्तीचं नाव मोजणीत घालून घेतलं होतं. आणि मोजणीच्या दिवशी नेमकी तीच तालुक्याला होती. कारण मोजणीच्या दिवशी सेविकेने वस्तीत हजर राहणं किती गरजेचं आहे, याचं प्रशिक्षण त्याच दिवशी ठेवलं होतं. ही तारीख ज्या शहाण्याने काढली त्याला मे महिन्यात त्या माळावर अनवाणी उभं करायला हवं. पण असली माणसं कधी सापडत नाहीत. निघताना रेश्मा घाईत एवढंच म्हणाली, "भावजी, आज तुमच्याकडं सायेब येनार हायत. तेवढं बघा." आणि आकारामने जिवापाड बघितलं.

मोजणीचे साहेब म्हणजे मलकापूरचे मानसिंग. मोटरसायकलवरून आले, टॅब काढला आणि समजावून सांगितलं, "संगणकाने चौदा घरांतून तुमचं एक घर काढलंय मामा. हे नमुना घर. इथं जे दिसेल ते सगळ्या वस्तीला लागू. घरात माणसं किती?"

"तीन."

"आणि खुर्च्या सात?"

"येनारं-जानारं आसतंय की सायेब."

प्रत्येक प्रश्नापुढे 'समक्ष पाहिले' असा एक चौकोन होता. मानसिंग प्रामाणिक माणूस. जे डोळ्यांना दिसेल त्यावरच तो बोट ठेवायचा. मुलीला आठवड्यातून एकदा तरी मटण किंवा चिकन मिळतं का, असं त्याने विचारायला आणि बयाबाईने रश्श्याची वाटी पुढे ठेवायला एकच गाठ पडली. समक्ष पाहिले, आणि नंतर समक्ष दोन वेळा वाढूनही घेतलं.

"मुलीकडे मापाची पायताणं आहेत का? किमान दोन जोड?"

आकारामने नुसतं दाराकडे बघितलं. पाहुणा बघायला वस्तीतली झाडून सगळी पोरं आत आली होती आणि त्यांच्या चपला उंबऱ्याबाहेर होत्या.

"अकरा जोड!" मानसिंगचे डोळे विस्फारले.

"म्या काय मोजल्यात न्हाईत," आकाराम म्हणाला. हे खरं होतं. तो दिवसभरात एक अक्षरही खोटं बोलला नाही.

"अभ्यासाला वेगळी जागा?"

आकारामने दारातून दिसणाऱ्या माळाकडे हात केला. "ही काय. तितं कुनी आडवतंय व्हय?"

"मग मुलीला कमी असं काय पडतं?"

आता आतल्या दाराआडून बयाबाई कुजबुजली, "आवं, गाडीचं सांगा की."

आकारामने मान वळवली. "गप ए. पाव्हन्याफुडं कुनी रडगानं गातंय व्हय?" मग मानसिंगकडे वळून म्हणाला, "आमी मेंढकी मान्सं, सायेब. पर पोरीला काय बी कमी पडू दिल्यालं न्हाई."

मेअखेर अहवाल आला. नमुना घराला चौदाने गुणलं होतं. बोरवस्तीत अठ्ठ्याण्णव खुर्च्या, चौदा मिक्सर आणि मुलांच्या पायताणांचे एकशे चोपन्न जोड भरले. बालगरिबी शून्य टक्के. उसाच्या पट्ट्यातली बंगलेवाली गावं मागे टाकून दोन जिल्ह्यांत बोरवस्ती पहिली आली होती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, शाळेची गाडी नामंजूर.

रेश्मा तो कागद घेऊन थेट आकारामच्या दारात गेली. तिचा आवाज मेंढवाड्यापर्यंत पोचला असावा, कारण मेंढरंसुद्धा ओरडायची थांबली.

"अठ्ठ्यान्नव खुर्च्या! आवं, वस्तीत मान्सं हायत एकसष्ट! बाकीच्या खुर्च्यांवर काय मेंढरं बसत्यात?"

"मग सायबाला काय भुईवर बसवायचं?"

"व्हय! भुईवरच बसवायचं! आन् कोरा चा द्यायचा!"

"माझ्या दारात न्हाई जमायचं," आकाराम म्हणाला. "गरीब आसू, पर हलकं न्हाई."

"ह्येच! ह्येच तिथं बोलायचं हुतं, भावजी! गरीब आसू म्हनून!" रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा तिला अजूनच राग आला. राणी आईच्या पदरामागे उभी होती. आज तिने काही विचारलं नाही. रेश्माला ते सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती जिल्ह्याच्या कचेरीत गेली. तिथे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्यावरून जेवणाच्या सुट्टीवर आणि सुट्टीवरून परत पहिल्या टेबलावर असा प्रवास झाला. "बाई, लोक गरिबीत नाव यावं म्हणून भांडतात हे माहिती आहे," तिथले साहेब म्हणाले, "पण पहिला नंबर आल्यावर भांडणाऱ्या तुम्हीच." रेश्मा टेबलासमोरून हललीच नाही. शेवटी साडेपाचला कुलूप लावायला शिपाई आला, तेव्हा साहेबांनी फेरमोजणीच्या कागदावर सही केली.

या खेपेला रेश्माने काहीच नशिबावर सोडलं नाही. आकारामचं घर धुऊन काढल्यासारखं मोकळं केलं. साहेब शेजारी डोकावले तर पंचाईत, म्हणून बाकीची घरंही रिकामी केली. खुर्च्या, पंखे, मिक्सर, पोरांच्या चपला, सगळं कोंडीबाच्या घरात कोंबलं, कारण त्याचं घर वस्तीच्या टोकाला होतं आणि दाराला कुलूप होतं. कोंबडे डालग्याखाली झाकले. आकाराम तोंड फुगवून मोकळ्या घरात बसला होता. "बसाय निदान घोंगडं तरी ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. रेश्माने तेही उचललं.

मानसिंग आला. आकाराम कसनुसा उठला. पण मानसिंग आत आलाच नाही. टॅबकडे बघत म्हणाला, "मामा, एकाच घराची दोनदा मोजणी चालत नाही. संगणकाने आज सकाळी दुसरं घर काढलंय. कोंडीबा कोण?"

रेश्माने डोळे मिटून घेतले.

कोंडीबाने किल्ली शोधण्यात बराच वेळ घालवला, पण किल्ली त्याच्याच कमरेच्या करगोट्याला होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. दार उघडलं, ते अर्धंच उघडलं, कारण मागे पंखे होते. मानसिंगने आत डोकं घातलं. बावीस खुर्च्या आढ्यापर्यंत रचल्या होत्या. पाच मिक्सर, चार टीव्ही. चपलांचा ढीग पायाशी घसरत आला.

"ह्यांना मुलं किती?" मानसिंगने हळूच विचारलं.

"एक," कोंडीबा म्हणाला. "तान्हं हाय."

"सायेब, ह्ये कोंडीबाचं न्हाई," रेश्मा पुढे झाली. "सगळ्या वस्तीचं हाय. आमी हितं आनून लपवलंय."

मानसिंगने विचार केला. "ताई, वस्तीचं आहे म्हणजे वस्तीत आहेच ना?"

यावर रेश्माचा स्फोट झाला. "दोनदा आलासा तुमी! खुर्च्या मोजल्या, चपला मोजल्या, कोंबडा खाऊन गेलासा! त्या पोरीला एकदा तरी इचारलं, तू शाळंला कशी जानार म्हनून?"

मानसिंगचं तोंड उतरलं. त्याने टॅबवर खाली-वर करून पाहिलं. "तो प्रश्न यात नाहीये, ताई," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण मी वर लिहून पाठवतो."

त्याने खरंच लिहून पाठवलं. पण त्याआधी कोंडीबाच्या घराला चौदाने गुणून झालं होतं आणि वरची मंडळी चक्रावली होती. दुष्काळी माळावर मेंढरं राखणाऱ्या लोकांनी बालगरिबी मुळासकट कशी उपटली, हे समजून घ्यायला अभ्यास समिती नेमली गेली. जूनच्या मध्यापासून समितीची पांढरी जीप वस्तीवर येऊ लागली. सकाळी साडेनऊला पाहुणे उतरत आणि पाचला परत जात. मधल्या वेळात जीप बाभळीखाली नुसती उभी.

तिसऱ्या दिवशी रेश्मा ड्रायव्हरपुढे जाऊन उभी राहिली. "गाडी मोकळीच हाय न्हवं? मोठ्या गावात जाऊन चा पिऊन या. ही सहा पोरं बी न्ह्या. येताना घेऊन या." ड्रायव्हरने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि जीपचं दार उघडलं. राणी पुढच्या सीटवर बसली. खिडकीतून तिचं नुसतं कपाळ दिसत होतं.

महिन्याभराने मानसिंग आनंदाने धावतच आला. "ताई, तुमचा प्रश्न घेतला त्यांनी! आजपासून विचारायचाय." आणि तो तसाच जीपकडे गेला. "बाळ, तुला शाळेला जायला गाडी आहे का?"

"हाय की," राणी जीपमधून म्हणाली.

मानसिंगने जीपकडे पाहिलं, राणीकडे पाहिलं आणि 'समक्ष पाहिले' वर बोट ठेवलं.

रेश्मा त्या वेळी डोक्यावर खुर्ची घेऊन चालली होती. तिने सगळं ऐकलं. वस्तीला वाटलं, आता ही खुर्ची त्याच्या अंगावर टाकणार. तिच्याही मनात तेच होतं. पण जीप सुरू झाली, पोरं ओरडली, आणि तिने खुर्ची खाली ठेवली.

"सायेब," तिने दात खाऊन विचारलं, "ही समिती अजून किती दिस हाय?"

"अभ्यास पुरा झाला की जाईल. पंधरा दिवस, फार तर."

रेश्मा वळली. "भावजी, आज पाव्हनं कुनाच्या दारात?"

"माझ्या," आकाराम छाती काढून म्हणाला.

"मग दोन कोंबडी धरा. आन् सगळ्यांनी येगयेगळं सांगायचं. ह्यांचा अभ्यास मार्चपातूर पुरा हुता कामा न्हाई."