चिठ्ठ्या जमवणारे इंगळे सर

इंगळे सर कुठल्याही कचेरीत शिरले की कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघतच नसत. पडद्याच्या कडेला कर्मचाऱ्यांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचत आणि खिशातल्या वहीत उतरवून घेत. एकदा रेशन कार्डातलं बायकोचं नाव दुरुस्त करायला गेले, ते चार चिठ्ठ्या घेऊन परत आले. नाव तसंच राहिलं.

बुलढाण्याच्या कॉलेजात मी विभागप्रमुख, ते माझ्या हाताखाली, आणि त्यांच्या पीएच.डी.चा मार्गदर्शकही मीच. विषय माहिती प्रणाली. म्हणजे कचेरीत कॉम्प्युटर आला की माणसं तो का वापरतात, आणि का वापरत नाहीत. यावर परदेशात थोर सिद्धांत झालेले आहेत. विद्यार्थी आला की मी त्याला त्यातला एक काढून देई. आकृतीतले चौकोन तेच, बाण तेच; आत कधी बँक घालायची, कधी दवाखाना. सगळे डॉक्टर झाले. त्या बँकेत किंवा दवाखान्यात मी स्वतः कधी डोकावलो नाही.

इंगळे मात्र सिद्धांत पिशवीत घालून एसटीने खामगावला जात. चर्चासत्रात कोणी नवा सिद्धांत मांडला की मागून यांचा आवाज यायचाच, "पन कामी पडते का?"

तिथल्या एका जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर शोभाताई कापसाच्या गाड्यांची नोंद करायच्या. एकदा मला ओढून नेलं होतं तिथं. सरांनी माझी छापील प्रश्नावली काढली. "ताई, या प्रणालीची तुम्हाला जाणवलेली सुलभता किती? एक ते पाच."

"काय बोलून राह्यले सर? मले जाणवते ते मान दुखते. ते कितीत टाकू?"

सरांनी प्रश्नावली मिटली आणि पडद्यावरची चिठ्ठी वाचली. 'लाल रेघ आली तर घाबरू नये, रोजच येते.'

"हे काऊन लावली?"

"मी सुट्टीवर गेली का दुसरी पोरगी रडते ना! गाड्या उभ्या, शेतकरी बोंबलून राह्यले, अन् हे लाल."

परतताना सर मला म्हणाले, "सर, चिठ्ठी दिसली का समजा, तिथं आपला सिद्धांत हरला."

मी कंडक्टरला हाक मारून बुलढाण्याची दोन तिकिटं काढली.

त्यांच्या प्रबंधात शेकडो चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीखाली ती कोणी लावली, का लावली आणि प्रोग्राममध्ये काय बदललं तर ती काढून टाकता येईल, हे लिहिलेलं. समितीपुढे मी शेरा दिला, 'सैद्धांतिक योगदान: नाही.' प्रबंध फेटाळला गेला. पीएच.डी. नाही म्हणून त्यांची बढती अडली ती अडलीच. इंगळे फक्त "बरं सर" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर तासाला गेले.

पुढे वारं फिरलं. संशोधन व्यवहारात उपयोगी पडलं पाहिजे, असं वरून फर्मान आलं. त्यावर मोठा परिसंवाद ठरला. माझ्याकडे व्यवहारातलं काही नव्हतं. कपाटात इंगळ्यांचा प्रबंध होता. त्यातल्या चिठ्ठ्या उचलल्या, भोवती चार चौकोन काढले, बाण जोडले आणि माझ्या नावावर निबंध वाचला. सभागृहात नुसते प्राध्यापक. कचेरीत कॉम्प्युटर चालवणारं एकही माणूस बोलावलेलं नव्हतं, आणि ते कोणाला खटकलंही नाही. मला शाल मिळाली. इंगळे तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

इतकी वर्षं त्या टाळ्यांचा अर्थ मी लावू शकलो नाही. शेवटी गेल्या महिन्यात त्यांच्या गावी, उंद्रीला गेलो. निवृत्त झाल्यावर सर तिथंच असतात. बायको गेली; घरात एकटेच. चहा त्यांनीच केला. मी सगळं कबूल केलं.

"मले मालूम हाये सर. मी होतो ना तिथं."

"मग उठून बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बायको म्हने कचरा जमवता. समितीतल्या एकानंबी पान उलटलं नाही. तुमी वाचून राह्यले अन् म्या मनात म्हटलं, चला, पुरा वाचला तं कोनीतरी." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "सांगा ना सर, कोनता भाग आवडला?"

मी फक्त चौथं प्रकरण वाचलं होतं. चोरीला तेवढं पुरलं होतं.

"सगळाच," मी म्हणालो.

ते इतके खूश झाले, की अजून चहा टाकायला उठले.