परीक्षेचा कोट

पाणी खात्यातल्या हेडक्लार्कांना आपल्या नाकाचा भारी अभिमान. लोक नळाचं पाणी बाटलीत भरून आणत आणि "वास येतोय" म्हणून टेबलावर आपटत. हे झाकण काढून एकदाच हुंगत आणि सांगत, "गंजलेला पाइप. दुसरा मजला." तेवीस वर्षांत आपलं निदान एकदाही चुकलं नाही, असं ते स्वतःच सांगत.

हेच नाक त्यांनी इटलीच्या वाइनच्या अभ्यासाला लावलं होतं. रीतसर वर्ग, जाडजूड पुस्तकं, वर्षातून एकदा परीक्षा. पहिल्या येणाऱ्याला आठ दिवस तिथल्या द्राक्षमळ्यांत नेणार होते. मळ्याची उतरण, मातीचा रंग, धुकं कुठल्या बाजूने चढतं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पाहिलं मात्र काहीच नव्हतं. लग्न झालं तेव्हा दोघांनी तिथे जायचं ठरवलं होतं, त्यासाठी लोकरी कोटही शिवला होता. मग वडील अंथरुणाला खिळले, मग मुलगी झाली, आणि कोट ट्रंकेत गेला तो गेलाच. अजूनही कुणाच्या हातात प्रवासाची बॅग दिसली की त्यांचा जीव तुटायचा.

"परीक्षेला तोच घालीन," ते बायकोला म्हणाले. "मी नाही तर निदान तो तरी इटलीसाठीच जन्मला आहे."

कोट ट्रंकेतून निघाला आणि महिनाभर अभ्यासाच्या खुर्चीवर बसला. त्याला पाठ टेकून हे घोकत. नाक जपायचं म्हणून घरात तळण बंद, अत्तर बंद, साबणसुद्धा बिनवासाचा.

"अहो, कोट एकदा उन्हात तरी टाका," बायको म्हणाली.

"कशाला? मला नाही येत कसला वास. वासातलं कळतं कुणाला, तुला की मला?"

बायकोने हात टेकले.

परीक्षेला बारा जण होते. पहिला ग्लास पांढऱ्या वाइनचा. हेडक्लार्कांना त्यात पिकलेली नाशपाती सापडली, लिंबाची साल सापडली, आणि ते खुशीत लिहीत सुटले. शेजारची दातांची डॉक्टर मात्र ग्लास नाकाशी नेई आणि तोंड वाकडं करून खाली ठेवी. परीक्षक बाई बाकांमधून फिरल्या. अकरा कागदांवर एकच उत्तर होतं : डांबरगोळ्या.

हुंगत हुंगत बाई यांच्यापाशी येऊन थांबल्या. "खिशात काय आहे तुमच्या?"

"काही नाही," म्हणत त्यांनी आतल्या खिशात हात घातला. चार पांढऱ्या गोळ्या निघाल्या आणि बायकोच्या अक्षरातली एक पिवळी पडलेली यादी. लोकरी मोजे, सर्दीचं औषध, मळ्यात चालायला जाड बूट.

"तुम्हाला वास येत नाही?"

"कसला?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

अकरा जणांची परीक्षा खिडक्या उघडून दुपारी पुन्हा झाली. यांना पुढच्या वर्षी यायला सांगितलं.

घरी बायकोने ती यादी दोनदा वाचली. हसेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती हसली नाही. "मोजे आहेत अजून माझ्याकडे," एवढंच म्हणाली आणि कोट गॅलरीत दोरीवर टाकला.

आठ दिवसांनी हेडक्लार्कांनी कोटात नाक खुपसून चांगला दीर्घ श्वास घेतला. "गेला बरं का वास. आणू आत?"

"तुम्हाला येत नाही ना?" बायको आतून म्हणाली. "मग राहू दे अजून वर्षभर."