घड्याळजींच्या घरातली चुकीची तारीख

"अगं, ज्यानं टॉवरच्या घड्याळाला ठोके शिकवले, त्याला हा पत्र्याचा डबा काय शिकवणार!" घड्याळजी म्हणाले, आणि रिळाला दोरा गुंडाळता गुंडाळता त्यांच्या बायकोनं डोळेच मिटून घेतले. त्यांच्या तोंडून असं वाक्य निघालं की मागोमाग घरात काहीतरी मोडायचं. मागच्या खेपेला मिक्सर होता.

या खेपेला तिचा कॉम्प्युटर! जुना, जड, सुरू होताना दम्याच्या आजोबांसारखा धापा टाकणारा. त्याला जाड केबलनं जोडलेलं तिचं भरतकामाचं मशीन. कॉम्प्युटरनं नक्षी सांगावी, सुईनं नाचावं, कापडावर वेल चढावी, असा वर्षानुवर्षांचा संसार. हल्ली मात्र हा पठ्ठ्या रोज सकाळी काळं तोंड करून बसे. कुणी बटण दाबेपर्यंत हलत नसे, आणि जागा झाला की वीसएक वर्षांपूर्वीची तारीख दाखवे.

"राहू द्या की," बायको म्हणाली. "त्या वर्षी आपल्या पोरीचे पुढचे दात पडले होते. रोज सकाळी तेवढीच आठवण होते. रविवारी ती बाळाला घेऊन येतेय. दुपटं होईपर्यंत त्याला हात लावू नका बरं!"

त्या दुपट्यावर चिमण्या यायच्या होत्या. लेक तान्ही असताना तिनं हातानं भरलेल्या, अगदी तशाच. ते दुपटं धुऊन धुऊन विरलं. पण विरण्याआधी तिनं एकेक टाका न्याहाळून त्या चिमण्या कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या होत्या. आता बारीक टाका तिच्या डोळ्यांना दिसत नव्हता. चिमण्यांचं घरटं होतं ते त्या डब्यात, दुसरीकडे कुठेच नाही.

पण घड्याळजींच्या घरात चुकीची तारीख? हलवायाच्या घरात साखर कडू निघाली तर चालेल का! शुक्रवारी ती दोरे आणायला बाहेर पडली आणि यांनी स्क्रूड्रायव्हर काढला.

आत पिंजलेल्या कापसासारखी धूळ! घड्याळजींचे हात आपोआप चालू लागले. कण दिसला, पुसला. स्क्रू सैल दिसला, आवळला. सेल दिसला, काढून मेलेल्या सेलच्या डबीत टाकला. जन्मभराची सवय, हात कामात आणि डोकं आभाळात! डोकं म्हणत होतं, 'म्हातारा झालाय बिचारा. ताकद कमी पडते. नवी मेमरी घालू, तरुण होईल.'

"काका, बोर्ड कोणता आहे तुमचा?" कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"हिरवा!" घड्याळजी ठणकावून म्हणाले.

बाईंनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि मेमरीची पट्टी दिली. घरी येऊन बघतात तर पट्टीची खाच एकीकडे, जागेतला दाता दुसरीकडे. जशा काही भांडलेल्या दोन जावा! पुन्हा दुकान.

"काका, ही नव्या बोर्डाला बसते."

"मग द्या नवा बोर्ड!"

नवा बोर्ड आला, तर जुना प्रोसेसर त्याच्या मांडीवर बसेना. नवा प्रोसेसर आणला, तर जुन्या पॉवर सप्लायची पिन पुरेना. तोही आणला. चौथ्या खेपेला बाईंनी त्यांना बघूनच खुर्ची पुढे सरकवली.

संध्याकाळी बायको दोरे घेऊन आली. जेवायच्या टेबलावर तिचा कॉम्प्युटर माहेरवाशिणीच्या सामानासारखा पसरला होता.

"माझ्या चिमण्या कुठायत?" तिनं एवढंच विचारलं.

"या डिस्कमध्ये. सुखरूप!" म्हणत त्यांनी डिस्कची रुंद चपटी केबल उचलली आणि नव्या बोर्डावर तिची जागा शोधू लागले. जागा नव्हतीच. मशीनची जाड केबल उचलली, तिलाही नव्या बोर्डावर भोक नव्हतं.

बायको दोऱ्यांची पिशवी खुंटीला अडकवून आत निघून गेली. तिच्या रागाला घड्याळजी कधीच घाबरले नव्हते. तिच्या गप्प बसण्याला मात्र लग्नापासून घाबरत आले होते.

शनिवारी सकाळी त्यांनी जुनं सगळं पुन्हा जोडायला घेतलं. ती शेजारी टॉर्च धरून उभी राहिली. डिस्क बसली, केबल बसल्या. जुन्याला जुनं कसं बिनबोभाट बसत होतं! कुठे जोर नाही, कुठे कुरकुर नाही. त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं. टॉर्च मुळीच हलत नव्हता.

"अहो, या गोल खळग्यात काय होतं?"

घड्याळजी वाकले. बोर्डावर नाण्याएवढी रिकामी जागा होती. ते बघतच राहिले. 'थांबतं हो मधेच, वेळ विसरतं,' असं सांगत रोज कुणी ना कुणी त्यांच्या दुकानात येई. आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: 'सेल कधी बदललात?' सगळ्या जगाला विचारलं, फक्त घरातल्या म्हाताऱ्याला विचारायचं राहिलं!

ते ड्रॉवरकडे धावले. मसुरीएवढे सेल होते, वाटाण्याएवढे होते. एवढा मोठा एकही नव्हता. हात हवेत थांबला, मग टेबलावरच्या त्या कोऱ्या करकरीत बोर्डाकडे वळला. त्याच्या छातीवर हवा तसाच सेल चमकत होता. नखानं उचलला, जुन्यात ठेवला. टक!

कॉम्प्युटर सुरू झाला. एकदा तारीख लावली, बंद करून पुन्हा लावला. काळं तोंड नाही, बटणाचा हट्ट नाही. पडद्यावर आजची तारीख आणि तिच्याखाली एका रांगेत चिमण्या! बायकोनं मशीन जोडलं आणि सुईच्या तालावर गुणगुणू लागली:

"चिमणीच्या गं चोचीमधी काडी, काडी,
नातवाच्या दुपट्याला घडी, घडी..."

मधेच थांबून तिनं कोपऱ्यातल्या तारखेकडे पाहिलं. "बघता बघता पोरीला दात आले, लग्न झालं, आईसुद्धा झाली बाई!" डोळे टिपून ती टेबलाकडे वळली. "अहो, एवढं सगळं आणलंत. त्यातलं जुन्याला बसलं काय?"

"एक सेल," घड्याळजी पुटपुटले.

"तो तर तुम्हीच विकता ना?"

"विकतो ना," चष्मा पुसत ते म्हणाले, "पण या मापाचा कुणी कधी मागितलाच नव्हता."