डुबरीच्या डोक्यातला दाणा

बाळांनो, समुद्रापलीकडच्या एका जंगलात दोन तऱ्हेच्या आया राहत होत्या. बहुतेक जणी पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवायच्या. दोघी मात्र अंडी घालायच्या, आणि वर पिल्लांना दूधही पाजायच्या. एक डुबरी प्लॅटिपस, नदीकाठच्या बिळात राहणारी, बदकासारख्या चोचीची. दुसरी तिची शेजारीण, अंगभर काटे असलेली काटूमावशी.

डुबरीच्या बिळात दोन पिल्लं होती. उघडीबोडकी, घेवड्याच्या बीएवढी. अंधार पडला की डुबरी नदीत बुडी मारायची, पोटभर किडे खायची आणि परत येऊन पिल्लांना कुशीत घ्यायची. तिचं पोट भरलं, तरच त्यांचं भरायचं.

त्याच जंगलात पेंगाचार्य नावाचे एक कोआला होते. ते दिवसभर झाडावर डोळे मिटून बसायचे, म्हणून सगळे त्यांना विचारवंत समजत. एकदा ते खाली उतरले आणि म्हणाले, "प्रत्येकाच्या मेंदूत खोलवर एक दाणा असतो. त्याला पिनियल म्हणतात. अंधार पडला की तो अंगाला सांगतो, रात्र झाली. मी सगळ्यांचे दाणे तपासणार."

तपासायची रीत सोपी होती. कलिंगड बघतात तशी डोक्यावर टिचकी मारायची आणि कान लावायचा.

उड्याजी पाटील नावाचा कांगारू पहिला आला. टिचकी बसली. "वा! ज्वारीएवढा," आचार्य म्हणाले. पाटलाची शेपटी ताठ झाली.

काटूमावशीला टिचकी मारताना आचार्यांच्या बोटात काटा गेला. तिचा दाणा त्यांनी लांबूनच ठरवला. "खसखस! अंडी घालणाऱ्यांचा एवढाच. ही आणि ती डुबरी, दोघींना रात्र कळतच नाही."

"अगं बाई," डुबरी म्हणाली, "मग मी रोज जेवते कधी?"

"योगायोगाने," आचार्य म्हणाले.

शेवटी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारली, कान टवकारला आणि लाजत म्हणाले, "हरभरा."

मग काय! पाटलाने दवंडी पिटली. सर्वांत मोठा दाणा आचार्यांचा. तेव्हा त्यांनी 'रात्र झाली' म्हटल्याशिवाय कुणी खायला बाहेर पडायचं नाही. जो पडेल, त्याचं बीळ काढून घेतलं जाईल.

संध्याकाळ झाली. सूर्य बुडाला, वटवाघळं उडाली. आचार्य मात्र झाडावर गाढ झोपले होते. सगळं जंगल खाली ताटकळत बसलं.

"रात्र झाली वाटतं," कुणीतरी पुटपुटलं.

"तुझा दाणा केवढा? गप बस," पाटील खेकसला. त्याच्याही पोटात कावळे ओरडत होते.

बिळात डुबरीची पिल्लं चोची पुढे करून दूध शोधत होती. डुबरीचं दूध अंगावरच्या कातडीतून पाझरायचं, पण आज अंग कोरडं पडलं होतं. बीळ गेलं तर या दोघांना ठेवायचं कुठे, हे तिला समजेना. पण थोरल्याने केविलवाणा आवाज केला, आणि ती उठली. नदीत शिरली.

बुडी मारून वर आली, तर काठावर पाटील उभा!

"काय डुबरीबाई, नियम माहीत नाही?"

"माहीत आहे, दादा. पण लेकरं भुकेली आहेत."

आरडाओरडा झाला. आचार्य जागे झाले. डोळे चोळत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फार मोठ्या पेचात पडले. शिक्षा करावी, तर डुबरीला रात्र कळली असं ठरतं. मग खसखशीचं काय?

बराच वेळ त्यांनी निलगिरीचं पान चघळलं.

"ही रात्र समजून बाहेर पडलेलीच नाही," ते म्हणाले. "हिला कळतच नाही. अशांना नियम लावून काय उपयोग? जा बाई, कधीही जा. काटूलाही सांग."

"उपकार झाले, आचार्य," डुबरी म्हणाली आणि तोंडातले किडे नीट चावू लागली.

त्या रात्री पिल्लं पोट टम्म होईपर्यंत प्यायली आणि आईच्या अंगावरच झोपी गेली.

दुसऱ्या दिवशी आचार्यांच्या झाडाखाली ही गर्दी. सगळ्यांत पुढे पाटील, डोकं वाकवून उभा.

"आचार्य, काल टिचकी जरा जोरात बसली हो. आज हळू मारून बघा. माझीही खसखसच निघेल."

तात्पर्य : बाळांनो, हुशार ठरायची घाई करू नये. हुशारांना जेवायलाही परवानगी लागते. उद्या कुणी विद्वान तुम्हाला खसखस म्हणाला, तर वाद घालू नका. नमस्कार करा आणि जेवायला जा.