जोडीची चाचणी

"स्टॅटिस्टिक्सला काय एवढं घाबरायचं? हुलकावणी देणारी शीर एका टोचणीत पकडणारी बाई आहे मी! आकडे तर बिचारे हलतसुद्धा नाहीत!"

ही गर्जना सर्जिकल वॉर्डाच्या सिस्टरांची. चहाच्या वेळी, भरल्या ड्युटी रूममध्ये, सगळ्यांच्या साक्षीने केलेली. आता आकडे आपणहून हलत नाहीत हे खरंच. पण त्यांना हलवणारा माणूस आपल्याच घरात राहतो, हे सिस्टर त्या घडीला साफ विसरल्या होत्या.

सिस्टर नोकरी सांभाळून नर्सिंगची मास्टर्स डिग्री करत होत्या. प्रबंधाचा विषय मोठा गोड होता. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटचे पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवले, तर त्याची भीती कमी होते का? भीती मोजायला यंत्रबिंत काही नाही. पेशंटलाच विचारायचं, "शून्य म्हणजे अजिबात भीती नाही, दहा म्हणजे जीव मुठीत. तुमची किती?" पाय बुडवायच्या आधी एकदा विचारायचं, आणि पाय पुसल्यावर एकदा.

हाच प्रबंध गेल्या वर्षी साभार परत आला होता. तेव्हा सिस्टरांनी दोन निरनिराळ्या गटांसाठी असलेली चाचणी लावली होती, आणि इथे तर एकच माणूस दोनदा मोजलेला! यंदा पुन्हा परत आला असता तर डिग्री गेली असती, आणि डिग्रीबरोबर नर्सिंग कॉलेजातली ट्यूटरची जागाही. सिस्टरांचं अर्धं आयुष्य रात्रपाळीत गेलं होतं. ती जागा मिळाली की चारचौघांसारखं रात्री झोपायला मिळणार होतं, आणि त्यांना ते फार फार हवं होतं.

म्हणून यंदा त्यांनी पुस्तकांचा फडशा पाडला आणि बरोबर चाचणी शोधून काढली. जोडीची चाचणी! प्रत्येक पेशंटचा आधीचा आकडा त्याच्याच नंतरच्या आकड्याशी जोडायचा, ज्याचा त्याचा फरक काढायचा, आणि मग बघायचं. कॉलेजातल्या आकडेवाल्या सरांकडे जायचं तर नावच नको. "त्यांना विचारलं की ते उलट मलाच चार प्रश्न विचारतात," असं सिस्टरांचं म्हणणं होतं.

एका रविवारी दुपारी सिस्टरांनी वॉर्डातून आणलेले सगळे आकडे लॅपटॉपमध्ये भरले आणि त्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या. नेमके त्याच वेळी लॅपटॉपजवळून त्यांचे अहो चालले होते.

अहो पेशाने ग्रंथपाल. पण वाचनालयाला कुलूप लावून ते घरी आले, तरी त्यांच्यातला ग्रंथपाल काही मागे राहत नसे. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे, टॉवेल रंगाप्रमाणे, औषधं मुदतीच्या तारखेप्रमाणे! एकदा घरी आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी वयाप्रमाणे उठवून बसवलं होतं, आणि दोन मावश्यांनी तेव्हापासून बोलणं टाकलं होतं. अशा माणसाला पडद्यावर काय दिसावं? सात, दोन, नऊ, चार, आठ, तीन! खाटांचे नंबरसुद्धा वाटेल तसे!

"काय हा गोंधळ!" अहो हळहळले. "बिचारी दमली असेल. आपणच लावून टाकू."

त्यांनी पहिला रकाना लहानाकडून मोठ्याकडे लावायला घेतला. लॅपटॉपने बिचाऱ्याने शहाण्यासारखं विचारलं, की बाजूचे रकानेही सोबत हलवू का? अहोंनी तितक्याच सभ्यपणे 'नको' म्हणून सांगितलं. घाई कशाला, एकेक करून नीट लावू. मग दुसरा रकाना लावला, मग तिसरा. खाटा ओळीत, आधीची भीती ओळीत, नंतरची भीती ओळीत. मनासारखं काम झालं म्हणून ते शीळ घालत निघून गेले.

सिस्टर परत आल्या आणि आकड्यांकडे ढुंकूनही न बघता त्यांनी चाचणीचं बटण दाबलं. उत्तर आलं, आणि त्या किंचाळल्याच!

"अहो! धावा! पी बघा, पी! शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य!"

अहो धावत आले आणि त्यांचा चेहरा पडला. "शून्य? एवढी राबलीस आणि शून्य? जाऊ दे गं, वाईट वाटून घेऊ नकोस."

"अहो, शून्याजवळच हवा असतो! पी म्हणजे, माझ्या पाण्याचा काडीचा उपयोग नसताना निव्वळ नशिबाने एवढा फरक दिसायची शक्यता. शंभरात पाचांच्या खाली आली तरी गड जिंकला. ही तर दिसतसुद्धा नाहीये!"

"मग अभिनंदन!" अहो म्हणाले, आणि आपण केलेली मदत त्यांनी मोठ्या मनाने गुप्त ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी ही गोष्ट मेट्रनबाईंना सांगितली. मेट्रनबाई म्हणजे सिस्टरांच्या मार्गदर्शक, आणि उत्साहाचा उकळता बंब. त्यांनी ती सुपरिंटेंडेंट साहेबांना सांगितली. साहेबांना बऱ्याच दिवसांत चांगली बातमी मिळाली नव्हती, त्यांनी उभ्या उभ्या टब मागवले! आठवड्याच्या आत प्रत्येक वॉर्डात निळे टब आले. टबांपाठोपाठ फतवा आला, की पाय बुडवल्याशिवाय कोणालाही ऑपरेशनला न्यायचं नाही.

मग काय विचारता! गरम पाण्याचा बंब एकदा बंद पडला, दोनदा रुसला. कॉरिडॉरमध्ये पाणी सांडून मोठे सर्जन घसरले आणि थेट लिफ्टमध्ये जाऊन बसले. नुसता एक्स-रे काढायला आलेल्या एका गृहस्थांचेही पाय घाईघाईत बुडवले गेले, आणि ते उठायलाच तयार होईनात. "आता मन लागलं आहे," म्हणाले. नर्सा सिस्टरांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघू लागल्या. सिस्टर मात्र हवेत होत्या. दवाखाना बदलायचा तर एवढं व्हायचंच!

आणि तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक म्हणून आलेल्या बाई किडकिडीत आणि शांत होत्या. त्यांच्या हातात पेन्सिल होती, आणि ती कागदावर जिथे थांबेल तिथे समोरच्याच्या काळजाचा ठोका चुकत होता. बाजूला मेट्रनबाई अभिमानाने फुलून बसल्या होत्या.

"चाचणी कोणती निवडलीत?"

"जोडीची! एकच माणूस आधी आणि नंतर मोजला म्हणून."

"छान." पेन्सिल पुढे सरकली. "पाय बुडवल्यावर भीती वाढली असे किती जण?"

"एकही नाही!" सिस्टर छाती फुगवून म्हणाल्या. "प्रत्येकाची कमीच झाली."

तेव्हा मेट्रनबाईंना राहवलं नाही. सिस्टर बिचारी विसरली, आपण मदत करावी, या शुद्ध हेतूने त्या बोलल्या. "अगं, एकही कसा नाही? ते हर्नियाचे आजोबा! आधी दोन म्हणाले होते, आणि पाण्यात पाय घातल्यावर म्हणाले, नऊ! 'पाय कापणार आहात म्हणूनच धुताय ना?' म्हणून टब लाथाडला त्यांनी! माझी चप्पल वाहत बाथरूमपर्यंत गेली होती!"

परीक्षक बाईंची पेन्सिल थांबली.

"हे आजोबा या कागदावर कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी शोधलं. आधीचे दोन सापडले. पण त्या दोनासमोर नऊ नव्हते, एक होता! नऊ होते ते पार तळाला, सगळ्यात भित्र्या पेशंटच्या दहासमोर जाऊन बसले होते.

"मला आणखी एक कळत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या पहिल्या खाटेवर सगळ्यात शूर माणूस, दुसऱ्या खाटेवर त्याहून थोडा भित्रा, आणि शेवटच्या खाटेवर सगळ्यात भित्रा. तुमच्या वॉर्डात पेशंट घाबरतातही शिस्तीत?"

शिस्त! हा शब्द कानावर पडला मात्र, सिस्टरांच्या डोळ्यांपुढे उंचीप्रमाणे लावलेले डबे उभे राहिले. बाईंची परवानगी घेऊन त्या बाहेर आल्या आणि त्यांनी फोन लावला.

"अहो, खरं सांगा! माझ्या आकड्यांना हात लावलात?"

"हात कुठे लावला? फक्त लावून ठेवले. तिन्ही रकाने. का गं, चौथा राहिला का?"

सिस्टरांनी फटकन फोन ठेवला. तोंड उघडलं असतं तर दवाखान्यात शोभलं नसतं.

आत येऊन त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. बाईंच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"म्हणजे गावातले सगळे नवरे उंचीप्रमाणे उभे केले, सगळ्या बायका उंचीप्रमाणे उभ्या केल्या, आणि मग म्हणायचं, बघा, एकेक जोडा कसा शोभून दिसतोय!"

मेट्रनबाई फिसकन हसल्या आणि लगेच खोकल्या.

नशीब एवढंच, की पेशंटांच्या मूळ चिठ्ठ्या वॉर्डाच्या कपाटात होत्या, आणि त्या कपाटापर्यंत अहोंचे हात पोहोचले नव्हते. बाईंनी चिठ्ठ्या मागवल्या. सिस्टरांनी त्यांच्यासमोर बसून एकेक आकडा नव्याने भरला. आजोबांचे नऊ आजोबांच्या गळ्यात परत गेले. शिरा पकडणाऱ्या त्या हाताने पुन्हा बटण दाबलं.

पी आला. शंभरात एकवीस!

ट्यूटरची जागा, रात्रीची झोप, सगळं त्या निळ्या टबांतून वाहून चाललेलं सिस्टरांना दिसायला लागलं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "याचा अर्थ काय?"

"याचा अर्थ..." सिस्टरांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. "कोमट पाण्याने भीती कमी होते, असं मी दाखवू शकले नाही."

मेट्रनबाईंनी डोळे मिटले.

"म्हणजे कोमट पाण्याचा उपयोग होत नाही, हे सिद्ध झालं?"

इथे 'हो' म्हणून सुटका करून घ्यावी, असं सिस्टरांच्या मनात आलं होतं. पण त्या थांबल्या. रोज पेशंटचे नातेवाईक त्यांना विचारत, ताप दिसत नाही, म्हणजे बरं वाटलं ना? आणि रोज त्या सांगत, इतक्यात काही म्हणता येत नाही.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "तेही सिद्ध झालं नाही. एवढ्या थोड्या पेशंटांवरून हो म्हणता येत नाही, आणि नाहीही म्हणता येत नाही. थोडा उपयोग होतही असेल. मला अजून पेशंट लागतील."

बाईंनी पेन्सिल उचलली. "शून्य शून्य शून्य घेऊन आला होतात तेव्हा मी तुम्हाला नापास करणार होते. आता पास. दुरुस्त करून आठवड्याभरात द्या."

"आणि त्या टबांचं काय?" मेट्रनबाईंनी घाबरत घाबरत विचारलं.

"ठेवा की. या म्हणतायत ना, अजून पेशंट लागतील!"

संध्याकाळी सिस्टर घरी आल्या त्या धुमसतच. पास झाल्याचा आनंद होता, पण आधी भांडण उरकायचं होतं. दार उघडलं तर अहो ओशाळा चेहरा करून उभे, आणि खुर्चीपुढे घमेल्यात वाफाळतं पाणी!

"आधी बस," अहो म्हणाले. "भीती किती आहे?"

"भीती गेली! राग विचारा! नऊ!"

"बरं, नऊ. पाय घाल."

सिस्टरांनी पाय घातले. पाणी अगदी बेताचं होतं. दिवसभराचा शीण तळपायांतून हळूहळू उतरायला लागला. अहो बाजूला टॉवेल घेऊन बसून राहिले. कितीतरी वर्षांनी कोणीतरी सिस्टरांची सेवा करत होतं, आणि त्यांना ते अतिशय आवडलं.

"आता किती?" अहोंनी हळूच विचारलं.

"चार," सिस्टर नाइलाजाने हसल्या. "पण एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हं!"

"नसेना का. लिहून तरी ठेवतो." अहोंनी खिशातून कागद काढला आणि पुटपुटत लिहायला घेतलं. "चार... नऊ."

"चार-नऊ नव्हे! नऊ-चार!"

"अगं हो, पण लहान आकडा आधी नको का?"

आणि सिस्टरांच्या रागाचा आकडा होता तिथे परत गेला.