आश्लेषेची सून

लातूरला बदली होऊन आलो, त्या दिवशी नळाला पाणी कधी येतं हे विचारायला शेजारी गेलो आणि उत्तरादाखल एका आजींचा बीपी ऐकून परत आलो.

"ह्या माझ्या सासूबाई," दारातल्या बाई म्हणाल्या. "वय ब्याण्णव. सकाळचा बीपी एकशे तीस-ऐंशी. शुगर न्हाई. मोतीबिंदू दोन्ही काढले. दात सोडले तर सगळं ओरिजिनल हाय."

खुर्चीतल्या आजी समाधानानं मान हलवत होत्या. लोक पाहुण्यांना पोराची दहावीची गुणपत्रिका दाखवतात, तसा सगळा थाट होता.

"अन् पाणी?" मी विचारलं.

"पाण्याचं काय, येतंय तवा येतंय. लातूर हाय हे. सासू बघा की!"

ही महानंदाकाकूंची आणि माझी पहिली भेट. काकूंचं वय अठ्ठावन्न, कपाळाला विभूतीची तीन बोटं, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला त्यांनी "शरणार्थ" म्हटलं की त्या टोकाचा माणूस वळून नमस्कार करतो. काकांचं भांड्यांचं दुकान आहे. काका मोजकं बोलतात, कारण त्यांच्या वाट्याला मोजकंच येतं. एकदा मी सहज विचारलं, काकांचा बीपी किती? काकू म्हणाल्या, "त्यांना काय धाड भरली?"

सासूबाईंना सगळी गल्ली अव्वा म्हणते. अव्वांचं माहेर उदगीरच्या पलीकडलं, कानडी बोलीचं. बोलणं थोडं, आणि त्यातलं अर्धं "साकु!" म्हणजे पुरे. काकूंनी पेज आणली की साकु, दृष्ट काढली की साकु, पाहुण्यांसमोर कौतुक लांबलं की साकु.

या कौतुकामागचं कारण मला महिन्याभरानं कळलं. काकूंचा जन्म आश्लेषा नक्षत्रावरचा, तिसरं चरण. माहेर नांदेड जिल्ह्यातलं उमरी. आश्लेषेची सून सासूच्या मुळावर येते, असं मानतात. त्यामुळं पोरगी देखणी, कामाला वाघ, तरी एकामागून एक अकरा स्थळं पत्रिका बघून माघारी गेली. वडिलांनी शांती करायचं ठरवलं. पूजा सांगणाऱ्या स्वामींनी यादी दिली: सत्तावीस झाडांची पानं, सात ठिकाणची माती, सत्तावीस विहिरींचं पाणी. वडील सायकलीला बाटल्या बांधून निघाले.

"एकोणीस विहिरी उमरीतच भेटल्या," काकू सांगायच्या. "बाकीच्या आठांसाठी अप्पा तीन दिवस गावोगाव फिरून राहिले. लोकांना वाटलं, हा विहिरी विकत घेतोय."

शांती झाली. पण नक्षत्र पाण्यानं धुऊन जात नाही, असं बाराव्या स्थळाच्या मावशीनं ऐकवलं. काकूंनी तेव्हापासून नक्षत्रांचा अभ्यासच केला. आज लातुरातल्या कुठल्याही पंचांगवाल्याला त्या उभ्या उभ्या गार करतात.

"मूळ सासऱ्याला वाईट. आश्लेषा सासूला. ज्येष्ठा थोरल्या दिराला, विशाखा धाकट्याला. बरोबर हाय?"

"बरोबर," पंचांगवाले म्हणतात.

"मग जावेला कोणतं न्हाई का ओ? खरी गरज तर तिथं होती. अन् सुनेला वाईट असं सासूचं नक्षत्र कोणतं? का सासवा नक्षत्राशिवायच जन्मतात?"

पंचांगवाले चष्मा पुसायला घेतात.

म्हणून त्यांचा नक्षत्रावर विश्वास नाही असं समजू नका. पुरेपूर आहे. चंद्र सत्तावीस दिवसांनी फिरून आश्लेषेत येतो. त्या दिवशी काकू सकाळी महादेवाच्या देवळात जाऊन नागोबाला दूध वाहतात आणि तिथूनच अव्वांना रिक्षात घालून डॉक्टरांकडं नेतात. देवाचं आणि डॉक्टरांचं एकाच फेरीत. दवाखान्यातल्या नर्सला आता पंचांग लागत नाही. या दोघी दारात दिसल्या की ती म्हणते, "आज आश्लेषा दिसतीय."

"शांती केली का हो परत?" असं कुणी खोचून विचारलं, तर काकूंचं उत्तर तयार असतं. "रोज करते. सकाळी आठला बीपीची गोळी, नऊला पेज, अकराला उन्हात बसवणे, चारला पाय चोळणे. छत्तीस वर्षं झाली. पुरावा खुर्चीत बसलाय, बघून घ्या."

आणि सगळ्या गोष्टींचा कळस म्हणजे धपाट्यांची गोष्ट. ती मी निदान वीस वेळा ऐकली असेल. अव्वा मुलगी बघायला उमरीला आल्या. सासरे नुकतेच वारलेले, अव्वा अंगानं वाळलेल्या. काकूंनी धपाटे केले. अव्वांनी तीन खाल्ले आणि पत्रिका ताटाखाली सरकवून म्हणाल्या, हीच पोरगी आणा. "बारा घरांनी पत्रिका बघितली, सर. अव्वांनी एकटीनं मला बघितलं." एवढं बोलून काकू पदर सारखा करायच्या. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघण्यासारखा असायचा. राज्य मिळालेल्या माणसाचा नव्हे, राज्य राखलेल्या माणसाचा.

गेल्या वर्षी काकूंची भाची रेणुका, म्हणजे उमरीच्या भावाची मुलगी, हिचं किल्लारीला जमलं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, पोरगी शाळेत शिकवणारी, दोघांची पसंती झाली. मग पत्रिका बघितली. रेणुकाही आश्लेषेची निघाली. मुलाकडून निरोप आला, जरा थांबू. आमच्याकडं 'जरा थांबू' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

शुक्रवारी काकू कुंपणापाशी आल्या. "सर, उद्या तुमची शाळा सकाळची. दुपारी गाडी काढा. किल्लारीला जायचंय."

"कोण कोण?"

"मी अन् पुरावा."

अव्वांना मागच्या सीटवर दोन उशा लावून बसवलं. सोबत बीपीचं मशीन, गोळ्यांचा डबा आणि पेजेचा थर्मास. वाटेत काकू सारखी तालीम करत होत्या. आधी वय सांगायचं, मग बीपी, मग धपाटे.

किल्लारीचे आखीव, रुंद रस्ते लागले. भूकंपानंतर नव्यानं वसलेलं गाव. मुलाच्या आईनं, सुमनबाईंनी, पाणी दिलं. पन्नाशीच्या, शांत बाई. त्यांचे यजमान कोपऱ्यात बसले. काकूंनी श्वास घेतला आणि सुरुवात केली. वय झालं, बीपी झाला. सुमनबाई मन लावून ऐकत होत्या. धपाट्यांपर्यंत गोष्ट आली तेव्हा त्यांनी हळूच हात वर केला.

"ताई, मला पोरीची भीती न्हाई. पोरीसाठी भीती हाय."

काकू थांबल्या. असं उत्तर त्यांच्या तालमीत नव्हतं.

"भूकंप झाला तवा मी आठ महिन्यांची नवी नवरी होते," सुमनबाई म्हणाल्या. "सासूबाई गेल्या. घरटी माणसं गेली गावात. तरी भावकीत म्हणाले, हिचा पायगुण. माझ्या पत्रिकेत तर काहीच न्हवतं. अख्ख्या गावाची जमीन हलली, अन् बोल लागला मला. कैक वर्षं लागला. आता ह्या पोरीच्या तर पत्रिकेतच लिहून हाय. उद्या मला नुसती ठेच लागली तरी लोक तिच्याकडं बघतील. मी सोसलंय ते तिनं कशाला सोसावं?"

काकूंकडं प्रत्येक पंचांगवाल्याला उत्तर होतं. आता मात्र बीपीचं मशीन मांडीवर घेऊन त्या नुसत्या बसल्या.

"काय म्हणती ती?" अव्वांनी विचारलं. त्यांना एका कानानं कमी येतं. काकूंनी कानाशी वाकून सगळं सांगितलं.

अव्वांनी सुमनबाईंना जवळ बोलावलं. "पोरीला बोल लागू नये असं वाटतंय का तुला?"

"हाव, अव्वा."

"मग मरू नको."

सुमनबाई बघतच राहिल्या.

"सोपं हाय," अव्वा म्हणाल्या. "मी तेच केलं."

आणि मग, दोन वर्षांत मी ऐकलं नव्हतं इतकं, त्या बोलल्या.

"आमचे मालक गेल्ते. सहा महिने घास उतरत न्हवता. जावं वाटायचं, पण आपण होऊन जायची हिंमत न्हवती. तेवढ्यात उमरीचं स्थळ आलं. स्वामी म्हणाला, अव्वा, ही करू नको, ही सासूला वर्षात न्हेती. मी म्हणलं, मग हीच करा. लेकाला बायको मिळती, मला वाट मिळती."

काकूंचा हात मशीनवर तसाच राहिला.

"हिला आणली ती मरायसाठी. घरात आली तर एवढीशी पोर, थरथर कापून राहिली. मला उचकी लागली की पाणी घेऊन पळायची. मी शिंकले की देवापुढं रडायची. अन् गल्लीतल्या बाया दारात बसून दिवस मोजायच्या. मी म्हणलं, आता मेले तर ह्या हिला जगू देणार न्हाईत. एक वर्ष थांबावं. वर्ष झालं, तर ही गरोदर. म्हणलं, बाळंतपण होऊ दे. मग जावळ. मग दुसरं. कुठं मरायचं सांग?"

"अव्वा," काकूंचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. "मग ते धपाटे?"

"कोणते?"

"उमरीचे. तीन खाल्ले तुम्ही."

"जळालेले होते."

आधी सुमनबाईंना हसू फुटलं. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण आवरेना, आणि हसता हसता त्या रडायला लागल्या. कोपऱ्यातले यजमान उठून उभे राहिले. काय करावं हे न कळल्यामुळं पुन्हा बसले. बऱ्याच वेळानं सुमनबाईंनी डोळे पुसले आणि दंड पुढं केला.

"ताई, माझा बी बीपी बघा. आता सांभाळला पाहिजे."

एरवी डोळे मिटून मशीन लावणाऱ्या काकूंनी त्या दिवशी पट्टा उलटा गुंडाळला. सुमनबाईंनीच तो सरळ करून घेतला. मग यजमानांनी कॅलेंडर खाली उतरवलं आणि लग्नाच्या तारखेचं बोलणं सुरू झालं.

परतताना औशाला चहासाठी थांबलो. अव्वा गाडीतच बसल्या. काकू टपरीच्या कडेला पाठ फिरवून उभ्या होत्या. मी चहा घेऊन गेलो तर डोळे लाल.

"सर, दुपारी त्या झोपल्या की मी नाकाखाली हात धरून बघते. रोज. लोकांना दाखवायसाठी न्हाई ओ. लोकांना दाखवायचं ते मागंच संपलं. आता भ्याव वाटतं. लेकरं पुण्याला, हे दुकानात. त्या गेल्या तर दिवसभर मी कोणाचं काय करू?"

मी कप पुढं केला. चहा गार होत होता.

"छत्तीस वर्षं वाटायचं, मी अव्वांना जगवून राहिले," त्या म्हणाल्या, आणि वाक्य तिथंच सोडून गाडीकडं गेल्या.

गाडी निघाली. बराच रस्ता मागं गेला. मग काकूंनी अव्वांच्या बऱ्या कानाशी तोंड नेलं. हळू बोलण्याचा त्यांचा प्रयत्न होता, पण आवाजच तसला, मला सगळं ऐकू आलं.

"अव्वा, मरायचं वाटणं बंद कधी झालं तुमचं?"

अव्वांनी पुष्कळ विचार केला. बाहेर सोयाबीनची रानं पिवळी पडत होती.

"ध्यानात न्हाई बग," त्या म्हणाल्या. "कामाच्या नादात राहूनच गेलं."

काकूंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. अव्वा यावेळी साकु म्हणाल्या नाहीत. लातूर जवळ आलं होतं, मी गाडी जरा हळू केली.