शेवटची सोळा पानं

पत्र पाच वर्षांपूर्वी आलं होतं आणि आप्पा बेहेरे यांनी त्याला अजून उत्तर लिहिलं नव्हतं. लिहायचंच नाही असं काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. दर गुरुवारी दुपारी ते कागद काढत, वर तारीख घालत, 'चि. मालन हिस' एवढं लिहीत. मग दिल्लीत नाव कमावलेल्या बाईला 'चि.' म्हणावं की 'श्रीमती' म्हणावं, या विचारात चहाची वेळ होई. चहानंतर तो कागद ते पुस्तकात खूण म्हणून घालत. त्यांच्या घरात अशा खुणा घातलेली खूप पुस्तकं होती.

मालन शिवलकर दिल्लीच्या टीव्हीवर पत्रकार होती. मोठमोठ्या मंत्र्यांना ती शांतपणे प्रश्न विचारी आणि विचारून झाला की नुसती थांबे. तिच्या त्या थांबण्याला लोक घाबरत. भलेभले टाय सैल करत. ती मूळची रत्नागिरीची, खालच्या आळीतली. तिच्या वडलांना पोफळीला कोयनेच्या वीज प्रकल्पावर नोकरी लागली तेव्हा ती बारा वर्षांची होती. त्याआधी रोज शाळा सुटली की ती आळीतल्या मोफत वाचनालयात येऊन बसे. आप्पा तिथे ग्रंथपाल होते.

पत्रात तिनं लिहिलं होतं: 'आप्पा, मी रोज लोकांना प्रश्न विचारते, पण माझा स्वतःचा एक प्रश्न राहून गेला आहे. आम्ही पोफळीला गेलो त्या आठवड्यात तुम्ही मला एका तांडेलाची कादंबरी दिली होतीत. तांडेल गलबत घेऊन जातो आणि वादळात सापडतो. पुढची सोळा पानं पुस्तकात नव्हती. मी रडायला लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, शेवट मला ठाऊक आहे, सुट्टीत आलीस की सांगतो. सुट्टीत येणं झालं नाही. तो तांडेल घरी परत आला का? सवडीनं कळवा.'

अडचण अशी होती की आप्पांना शेवट ठाऊक नव्हता. तेव्हाही नव्हता. पोर रडते म्हणून ते बोलून गेले होते. पत्र आल्यावर त्यांनी पुण्याला लिहिलं, कोल्हापूरला लिहिलं, जुन्या पुस्तकांच्या दुकानदारांना उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेली जोडकार्डं पाठवली. ते पुस्तक कुठेच नव्हतं. 'मला ठाऊक नव्हतं' एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर भागलं असतं, पण तेच वाक्य काही त्यांच्या हातून उतरेना.

आणि सोमवारी सकाळी रेडिओनं सांगितलं की मालन शिवलकर आदल्या रात्री हृदयविकारानं गेल्या. वय बेचाळीस.

आप्पांनी रेडिओ बंद केला, परत लावला. तोवर हवामान सुरू झालं होतं. मग काही सुचेना म्हणून ते दाढीला गेले.

बाबल्याच्या सलूनात त्या दिवशी दाढीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे बोलत होते. एक जण म्हणत होता की मालन लहानपणी त्याच्याच विहिरीवर पाणी प्यायची. मिरकरवाड्यावरून मासे घेऊन आलेल्या एकानं सांगितलं की त्याची आई टीव्हीवर मालन आली की डोक्यावरून पदर घ्यायची. "ती सरळ आपल्या तोंडाकडं बघत्ये म्हणे. उघड्या डोक्यानं कसं बसायचं?"

"आप्पा, हनुवटी वर," बाबल्या म्हणाला. "तुम्हांस काय आठवतं तिचं? तिच्या बापाची दाढी माझ्या बापसानं केलीन. पोफळीस जायच्या आदल्या दिवशी."

गळ्यावर वस्तरा होता. कदाचित त्यामुळेच आप्पांच्या तोंडून खरं निघून गेलं. "मला तिचं पत्र आलं होतं."

वस्तरा थांबला. "कोणाचं? मालनचं? दिल्लीसून?"

"जुनं आहे."

"आणि तुम्ही काय लिवलात तिला?"

आप्पांनी मान हलवली. ती कोणत्या बाजूला हलवली हे साबणामुळे कोणाला कळलं नाही. दुपारपर्यंत गावात झालं की आप्पा बेहेरे आणि मालन यांचा नियमित पत्रव्यवहार होता. संध्याकाळपर्यंत असं झालं की मंत्र्यांना काय विचारायचं ते आप्पाच तिला लिहून कळवत.

काशीराम शेट लगेच घरी आले. त्यांची लाकडाची वखार होती, पण गावात ते ओळखले जात ते शोकसभांचे अध्यक्ष म्हणून. 'न भरून येणारी पोकळी' हे शब्द त्यांनी एकदा शाळेच्या घंटेबद्दलही वापरले होते. घंटा चोरीला गेली होती.

"उद्या सभा," ते म्हणाले. "वाचनालयातच. मी बोलेन, मग दोन मिनिटं शांतता, मग तुम्ही तिचं पत्र वाचायचं. आणि तुमचं उत्तर."

"शेट, उत्तराचं असं आहे की—"

"नक्कल ठेवली नसेल. नसो. तोंडी सांगा. आप्पा, गावात एकाकडं तरी काय पुरावा हाय की ती आपली होती? विहिरीचा पाणी काय दाखवता येतो? तुमच्याकडं कागद हाय."

आप्पांना सगळं सांगायचं होतं. पण शेट एकदा उठले की ऐकत नसत आणि ते उठले होते.

दुसरी अडचण फोटोची होती. शोकसभेला फोटो लागतो, फोटोला हार लागतो. हार मिळाला, फोटो मिळेना. वर्तमानपत्रात आला होता तो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि शाई इतकी पसरलेली की तो कोणत्याही मंत्र्याचा म्हणून चालला असता. शेवटी शेटनाच सुचलं.

"आपण तिला बघितली कशात? टीव्हीतच ना? मग टीव्हीच ठेवू टेबलावर. आणि पावणेनऊच्या बातम्यांत दिल्लीवाले तिला दाखवतील. म्हणजे फोटो आपोआप येईल."

आळीत मोठा रंगीत टीव्ही एकच होता, हुसेनचा. कुवेतहून परत येताना त्यानं तो मांडीवर घेऊन आणला होता असं त्याची बायको शरीफा सांगे. हुसेन लगेच हो म्हणाला. शरीफानं अटी घातल्या.

"हार घाला, पन भिजलेला नको. अगरबत्ती वरती ठेवू नका, आत तारा हायत. कुंकू अजिबात लावायचा नाय. आणि मी बाजूला बसनार."

"भाभी, शोकसभा आहे," शेट म्हणाले.

"माज्या टीव्हीचा शोक नको व्हायला."

मंगळवारी संध्याकाळी वाचनालयाचा हॉल भरून लोक दारात उभे होते. एवढी गर्दी त्या हॉलनं एकतीस वर्षांत पुस्तकांसाठी पाहिली नव्हती. टेबलावर टीव्ही, टीव्हीवर भरतकामाचा रुमाल, रुमालावर झेंडूचा हार, आणि शेजारी खुर्चीवर शरीफा. हुसेन अँटेनाचा बांबू धरून छपरावर चढला होता. वाचनालयाच्या छपरावरून चित्र पकडायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे खालून कोणीतरी सांगत राहणं भाग होतं.

आप्पा शेटच्या शेजारी बसले होते. खिशात पत्र होतं. समोर सगळी ओळखीची तोंडं, आणि ती त्यांच्याकडे आज प्रथमच आदरानं बघत होती. याच कपाटांच्या मागे, खिडकीखालच्या बाकावर ती बसायची. पाय जमिनीला पोचत नसत. वाचता वाचता हलवत राहायची. बाक अजून तिथंच होता. आज त्याच्यावर तिघं उभे होते.

शेटचं भाषण लांबलं. पोकळी तीनदा येऊन गेली. घड्याळात पावणेनऊ होत आले तसे लोक चुळबुळू लागले. शरीफानं रुमाल काढला, हार पडद्याभोवती नीट केला, टीव्ही लावला आणि भाषणाला अडथळा नको म्हणून आवाज पार बंद केला. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

शेटनी ते पाहिलं आणि घाईनं आवरतं घेतलं. "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहूया." त्यांनी घड्याळ हातात घेतलं. सगळे उठले. हॉल गप्प झाला.

"आला काय?" छपरावरून हुसेन ओरडला.

कोणी बोललं नाही. बोलणार कसं? शेटनी डोळे मिटले होते.

"ओ, आला काय?"

मुंग्या आडव्या पळाल्या, उभ्या पळाल्या. बाबल्यानं छपराकडे बघून हात हलवला, पण हुसेनला कौलांतून दिसणार नव्हतं. शरीफानं तोंड उघडलं, शेटकडे पाहिलं आणि मिटलं.

"शरीफा, सगली गेली की काय घरी?"

आणि चित्र आलं. झेंडूच्या हाराच्या आत, बरोबर मध्ये, मालन. कुठल्यातरी जुन्या मुलाखतीतली. केस मागे बांधलेले, हातात पेन्सिल. समोर कोणी मंत्री असावा, तो हाराखाली गेला होता. कोणाचीतरी आई डोक्यावरून पदर घेत होती. मालन काहीतरी विचारत होती. आवाज नव्हता आणि आवाजाच्या बटणाला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. तिचे ओठ हलले आणि थांबले. विचारून झालं होतं. आता ती नुसती बघत होती, वाट बघत होती, तिच्या नेहमीच्या पद्धतीनं. आप्पांना वाटलं, ही आता आपण सांगेपर्यंत अशीच बसणार.

"आला की नाय ता तरी सांगा रे," वरून आवाज आला. आणि मग, जरा हळू, "गेली वाटतं सगली."

हुसेननं बांबू सोडला. मालन एकदा लांब झाली, एकदा वाकडी झाली आणि मुंग्यांत गेली.

"मला ठाऊक नाही," आप्पा म्हणाले.

ते मोठ्यानं बोलले होते. शेटनी डोळे उघडून घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटं व्हायला वीस सेकंद कमी होते.

"आप्पा, अजून—"

"मला शेवट ठाऊक नाही," आप्पा टीव्हीकडे बघतच म्हणाले. "तेव्हाही नव्हता. मी खोटं सांगितलं." मग त्यांनी खिशातून पत्र काढलं आणि सगळं वाचून दाखवलं, 'सवडीनं कळवा' पर्यंत. "ह्याला मी उत्तर लिहिलेलं नाही. पाच वर्षं. आमचा पत्रव्यवहार नव्हता. हे एवढंच पत्र."

ते खाली बसले. आता खरी शांतता झाली. तेवढ्यात दारात हुसेन आला, हात गंजानं लाल. "आला होता काय?"

"आला नि गेला," बाबल्या म्हणाला.

आप्पांना वाटलं, आता कोणीतरी हसेल, मग सगळे हसतील. पण सगळे शेटकडे बघत होते. शेट आप्पांच्या हातातल्या पत्राकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा, ज्यानं आजवर शंभर शोकसभा सांभाळल्या होत्या, कसातरी झाला होता.

"तांडेलाची म्हणजे," शेट हळू म्हणाले, "निळ्या पुठ्ठ्याची काय?"

"निळ्या पुठ्ठ्याची."

"ती पानं मी फाडलीत."

आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं आप्पांना वाटलं. 

"सातवीत होतो. शेवटाक एक चित्र होता. मला तो पायजे होता. एकटा पान निघेना, तर सगला जुडगाच आला हातात." शेट खिशातला रुमाल शोधत होते. "लय दिवस पेटीत होता. मग वाळवी लागली."

"शेट," आप्पा उठून उभे राहिले. एकतीस वर्षांच्या नोकरीत पानं फाडणाऱ्याला काय बोलायचं ते त्यांनी अनेकदा मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आता बोलावंसं वाटेना. "तुम्ही ती वाचलीत?"

"पाठ हाय मला."

"मग सांगा."

काशीराम शेट अध्यक्षाच्या जागेवरून बाजूला झाले आणि टीव्हीसमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या आवाजात पोकळी नव्हती, सभा नव्हती. सातवीतल्या पोरासारखे ते भरभर सांगू लागले.

"तो परत येतो. दोन वर्षांनी. दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्याचे कपडे. येतो तर घरात पंगत बसलेली. गावानं त्याला मेला समजून त्याचाच दिवस घातलेला. त्याला कोणी वळखत नाय. वाटसरू समजून बसवतात जेवायला. तोही बसतो, भुकेला असतो ना. बायको वाढायला येते. तो आमटी परत मागतो. भाताचा आळा करतो, बोटानं, तिच्या नवऱ्यासारखा. ती थांबते."

"आणि?" शरीफा म्हणाली. तिनं टीव्ही कधी बंद केला हे कोणाला कळलं नव्हतं.

"आणि काय नाय. बोलत नाय ती काय. वाढते. तोही बोलत नाय. ती वाढत ऱ्हाते, तो जेवत ऱ्हातो, पंगत उठते तरी दोघं तशीच. तोच चित्र होता शेवटाक. तिच्या हातात पळी, नि तो वर बघतोय."

 मग बाबल्या म्हणाला की शांतता मधेच मोडली होती, ती परत धरायला हवी. लोकांनी ती परत धरली. ह्या वेळी शेटनी घड्याळ पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. आप्पांनी कागद काढला आणि 'चि. मालन हिस' असं लिहिलं. आज त्याबद्दल शंका आली नाही. 'तांडेल परत आला,' असं त्यांनी पुढे लिहिलं आणि शेटनी सांगितलं तसंच्या तसं उतरवलं. भाताच्या आळ्यासकट. खाली लिहिलं, 'उशीर झाला. शेवट मला आता कळला.' पाकिटावर दिल्लीचा पत्ता तिच्या पत्रावरून बघून घातला.

पोस्टासमोर धोंडू पोस्टमन पेटी उघडून पत्रं पिशवीत भरत होता. त्यानं आप्पांच्या हातातून पाकीट घेतलं, पत्ता वाचला आणि आप्पांकडे पाहिलं. तो काल सभेत दाराशी उभा होता.

"आप्पा, हे परत येईल ओ," तो जपून म्हणाला. मग त्यानं पाकीट उलटं केलं. "मागं तुमचा पत्ता नाय घातलात. परत आला तर आणू खंय?"

एकतीस वर्षं आप्पांनी हाताखालून गेलेल्या प्रत्येक गोष्टीवर परत करण्याची तारीख घातली होती.

"राहू दे," ते म्हणाले. "तसंच जाऊ दे."

धोंडूनं पाकीट पिशवीत टाकलं, पेटीला कुलूप लावलं आणि सायकलवर टांग टाकली.